पेटीतले राघू आणि बिनपाइपचा एसी

पिंपळे सौदागर, १३ एप्रिल

ती. सुमनताईस,

धाकट्या निरंजनचा वाकून नमस्कार. तुझं पत्र संक्रांतीला आलं आणि उत्तर आज लिहितोय, म्हणून आधी कान धरतो. (कागदावर लिहून फोटो पाठवतोय. फोनवर टाइप केलं की मी खोटं लिहितो असं मला वाटतं.) ब्रसेल्सची थंडी सरली का? भावजींचा गुडघा कसा आहे? आणि पोपटांविरुद्धची त्यांची मोहीम? गल्लीच्या सभेत ते चक्क मराठीत रागावले, हे वाचून तुझी भावजय अरुंधती दोनदा हसली.

तुम्ही येणार म्हणून इकडे एसी घ्यायचं ठरलं. फ्लॅट घेतला तेव्हाच आम्ही सुताराकडून बेडरूममध्ये एसीचा पाइप झाकायला प्लायची पेटी करून घेतली होती, एसी मात्र घेतला नव्हता. (आपल्या घराण्याची रीतच ही: आधी शोकेस, मग त्यात ठेवायला काहीतरी.) पेटीमागे बिल्डरने ठेवलेलं बाहेरचं भोक आहे, त्याचं झाकण केव्हातरी पडलं. परवा तळवड्याहून एसी बसवायला नवनाथ आला. एसी भिंतीला लावून झाला, मग त्याने पेटीची फळी सरकवून हात घातला आणि स्टुलावरून थेट पलंगावर आला.

"साहेब, आत कुनीतरी राहतंय!"

"पाल असेल."

"पाल बोट फोडती व्हय? भाडेकरू ठेवलाय तर सांगायचं तरी राव!"

मी मोबाइलचा उजेड टाकला. ताई, काय सांगू! पोपटीण कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, पण चोच आमच्यावर रोखलेली. तिच्या मागे तीन पिल्लं, निम्मी उघडी, निम्म्या अंगावर हिरवे कोंब फुटलेले, जणू कुणी पेरणी केलीय. मी देवळात बोलतो तसा हळू बोलू लागलो. त्या भिंतीला डोकं लावून मी रोज झोपतो, आणि डोक्याशी हा संसार चालला होता.

तेव्हापासून मी बाल्कनीतच असतो. चाकणच्या पहिल्या शिफ्टच्या बसेस निघतात त्याच सुमाराला थवे राजगुरुनगरच्या शेतांकडे जातात. आमचा नर मात्र घरी पिल्लं म्हणून जवळच्या पेरूवरच ड्युटी करतो. पूर्वी रस्त्याकडेच्या वडांच्या ढोलीत हे राहत. वड गेले, टॉवर आले, यांनी टॉवरलाच वड मानलं. आणि तुमच्याकडे? पिंजऱ्यातून सुटलेल्या मूठभर पोपटांचे हजारो झाले म्हणतेस. तिथल्या छोट्या पक्ष्यांच्या ढोल्या ते बळकावतात, ही भावजींची तक्रार खरीच असणार. पण बर्फात, अनोळखी झाडांवर, कुणी न शिकवता? मला लातूरहून इथे येऊन रुळायला काही वर्षं लागली, तीही मावशीच्या हातचं जेवून.

अडचण अशी, की पेटी रिकामी केल्याशिवाय पाइप जात नाही. सोसायटीचे अध्यक्ष नंदकिशोरराव म्हणाले, "खोक्यात घालून गच्चीवर ठेवा हो, आई येईल बरोबर." येईल का? नवनाथला विचारलं. तो बोटाला पट्टी गुंडाळत म्हणाला, "नसंल येत तर? मी न्हाई हात घालनार." मला खरंच पिल्लांची दया येते, की रोजची गंमत सोडवत नाही? दोन्ही असावं. तूर्त एसी भिंतीवर आहे, रिमोटला सेल घातलेत, फक्त पाइप नाही.

तुझा,
निरंजन

ता. क. पिल्लं उडायला तीनेक आठवडे लागतील आणि तुमचं विमान पुढच्या शनिवारी. तिकीट पुढे ढकलता येईल का?

ता. क. २ अरुंधती म्हणते, पाहुण्यांना येऊ नका म्हणणं शोभत नाही. तेव्हा याच. भावजींना भिंतीवर एसी दिसेल. तो चालतो का, हे त्यांनी विचारेपर्यंत काही बोलू नकोस.

ता. क. ३ वरचं खोडायला हवं. त्यांना आजच सगळं सांग. पोपटांच्या वैऱ्याला पोपटांखाली झोपवायचं, तर निदान विचारून. ते रागावले तरी पेटी रिकामी होणार नाही, एवढं मात्र हे लिहिता लिहिता ठरलं.

उद्या: कूलर आणणे.