तुमच्या झोळीची दोरी

गुरुजी, तुम्हाला जाऊन जमाना झाला, माझे केस पिकले, तरी तुमच्यावरचा राग काही उतरत नाही.

तेर गावच्या शाळेची ती खोली अजून डोळ्यांपुढं आहे. तुळईला झोळी टांगलेली, झोळीत तुमचं आईविना लेकरू. घरी त्याला बघायला कुणी नाही म्हणून तुम्ही त्याला शाळेत आणता आणि झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधता. मी परकरातली पोर. पायानं झोका देते आणि तोंडानं बिगरीच्या पोरांकडून पाढे म्हणवून घेते. तुम्ही दारातून बघता, म्हणता, "मोठी झालीस की ह्यो वर्ग तुलाच देतो बघ." गमतीत म्हणाला असाल. मी ते खरं धरलं. लग्नानंतर सासूची बोलणी खात उर्दूची परीक्षासुद्धा दिली, कारण निजामाच्या राज्यात तिच्याशिवाय नोकरी कुठली मिळायला.

मग खरंच त्या वर्गाची जागा निघाली. शाळा तपासणारे साहेब आले. बायकांनी त्यांच्यासमोर यायची रीत नव्हती, म्हणून मला शेजारच्या खोलीत बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड बसवलं. मांडीवर माझी तान्ही लेक गाढ झोपलेली. साहेबांनी तुमचं मत विचारलं.

"पोरगी हुशार हाय, न्हाय म्हणत न्हाय," तुम्ही म्हणालात. "पर लेकुरवाळी हाय, साहेब. निम्मं ध्यान झोळीतच ऱ्हाईल."

"आणि तो दुसरा उमेदवार?"

"त्याला बी आत्ताच लेकरू झालंय. बाप झालाय, आता मन लावून काम करंल."

साहेबांना ते पटलं. जागा त्याला मिळाली. माझी लेक शेवटपर्यंत रडली नाही. नंतर तुम्ही आत येऊन म्हणालात, "तुझ्याच भल्यासाठी बोललो, पोरी." मी मान डोलावली. माझ्या अंगठ्याला दोरी बांधताना माझं निम्मं ध्यान कुठं जाईल, हे तुम्हाला कधी सुचलं नव्हतं. परक्यानं म्हटलं असतं तर भांडले असते. तुम्ही केसानं गळा कापलात.

तुमचा मुलगा परवा भेटला, आक्का म्हणून पाया पडला. त्याला यातलं काही सांगितलं नाही. हा कागदही उद्या चुलीत जाईल.

एक मात्र कबूल करते. साहेबांनी तुम्हाला विचारलं, तेव्हा मी पडद्याआड पदर सावरून नीट बसले होते. तुम्ही माझं कौतुक करणार, म्हणून आधीच लाजत होते.