शेडमधले बारा नमुने

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. दादाचा खोकला कमी झाला का? त्याला म्हणावं, बाटली नुसती उशाशी ठेवून खोकला जात नाही, औषध पोटात जावं लागतं. मी इकडे बरी आहे. खोलीच्या खिडकीची फुटलेली काच एकदाची बसवून घेतली. प्रयोगशाळेत नवा वजनकाटा आलाय, इतका नाजूक की शेजारी कोणी शिंकलं तरी आकडा हलतो. असलं काहीबाही लिहून मी दोन पानं भरली होती. मग माझीच मला लाज वाटली आणि फाडून टाकली.

तुला शेडमधून काढून गेटवर गाड्यांची नोंद करायला बसवलंय, हे मी तीनदा वाचलं. नऊ वर्षं गावच्या कचऱ्याच्या खतशेडची मुकादम होतीस तू. आणि खत बिघडवल्याचा ठपका बुधवारच्या चौकशीत कायम झाला तर तेही काम जाणार. वर तू लिहितेस, "कुठल्याशा अहवालात छापलंय म्हणे की शेडमध्ये नमुने नीट हाताळले नाहीत. तू त्याच संस्थेत आहेस, तर कोणी लिहिलं तेवढं नाव शोध, मी त्याच्याशी बोलते."

शोधायला वेळ लागला नाही. पण मला क्रमाने सांगू दे, नाहीतर मी मधेच पळ काढेन. फोन केला नाही तोही म्हणूनच. तुझा आवाज ऐकला की मी लाडात येते आणि भलतंच बोलत सुटते.

गेल्या वर्षी मी मक्याच्या स्टार्चच्या पिशव्यांचे तुकडे जाळीत शिवून आणले होते, आठवतं ना? बारा आमच्या प्रयोगशाळेच्या खड्ड्यात, बारा तुझ्या शेडमधल्या ढिगांत. नव्वद दिवसांत त्यांची माती झाली तर गावातलं प्लास्टिक बंद करून ह्याच पिशव्या द्यायच्या, असं ठरलं होतं. नणंदेचं काम म्हणून तू शेडमधल्या बायकांना हात धुतल्याशिवाय जाळीला शिवू दिलं नाहीस. दर शनिवारी उकरून बघायचीस आणि वहीत लिहायचीस. नव्वद दिवसांनी प्रयोगशाळेतले बाराही तुकडे गेले होते. तुझ्याकडचे तीन गेले आणि नऊ जसेच्या तसे निघाले. तू हसून म्हणाली होतीस, "तुझ्या पिशव्या तुझ्या भावासारख्या आहेत. जिथे ठेवाव्या तिथे तशाच." मीही हसले होते. घरी येईपर्यंत मात्र हसू मावळलं होतं, कारण अहवाल आठ दिवसांवर आला होता आणि पहिल्यांदाच माझं नाव सर्वांत वर छापून येणार होतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी दडपण आणलं असतं तर आज सगळं खापर त्यांच्यावर फोडलं असतं. पण त्यांनी साधं विचारलं, शेडमधल्या बारांचं काय करायचं? आणि मी म्हणाले, "तिथल्या बायकांनी नीट पुरले नसतील." ते म्हणाले, मग तसं लिही.

वहिनी, ते मी लिहिलं. 'अयोग्य हाताळणीमुळे शेडमधील नमुने वगळले आहेत.' नाव हवं होतं ना तुला? माझंच आहे.

त्या एका ओळीवर पिशव्या मंजूर झाल्या, घराघरांत गेल्या, ओल्या कचऱ्याबरोबर शेडमध्ये येऊन तुझ्या खतात चिंध्या होऊन बसल्या, आणि रोपवाटिकावाल्यांनी खत परत पाठवलं. कारण शोधायला साहेब लोकांनी अहवाल उघडला तर कारण तिथे आयतंच लिहिलेलं. तुला बाजू मांडायला जागाच ठेवली नव्हती मी. तरी तू मला विचारतेस, कारण तुझ्या मनात माझं नाव येऊच शकत नाही. ह्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुझी वही माझ्याचकडे आहे. काल ती पहिल्यांदा नीट वाचली. म्हणजे वर्षभर उघडलीच नव्हती, हेही कबूल करते. मी फक्त तुकडा राहिला की गेला एवढंच लिहायला सांगितलं होतं. तू ढिगात हात घालून बघितलंस आणि समोर लिहिलंस, 'गार', 'कोमट', 'हात ठेववत नाही'. जे तीन गेले त्यांच्यापुढे प्रत्येक आठवड्याला 'हात ठेववत नाही' आहे. उरलेल्या नऊंपैकी एकाच्याही पुढे नाही. अगं, ह्याच्याइतका स्पष्ट पुरावा आमच्या सगळ्या यंत्रांनी दिला नाही! पिशव्या वाईट नाहीत. त्यांना तापलेला, ओला, दर आठवड्याला उलटलेला ढीग लागतो, आणि तेवढी माणसं आणि जागा शेडला कधी दिलीच नाही. हे तेव्हाच छापलं असतं तर आधी शेड सुधारली असती आणि मग पिशव्या आल्या असत्या. खरं तर अख्ख्या अहवालात कामाची गोष्ट तेवढीच होती आणि मी ती वगळली.

आज सकाळी वहीचा तक्ता करून, खाली तुझं नाव घालून, अहवालाची दुरुस्ती सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. ह्याने माझं इथलं काम जाऊ शकतं, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हो. फार धीट होऊन म्हटलं असं समजू नकोस. माफी मागायची तर आहेच, पण पत्रातून मागितली तर ती फार स्वस्तात पडेल. बुधवारी तुझ्या चौकशीला मी येते आहे आणि हे सगळं तुझ्यासमोर बोलणार आहे. दादाला आधी सांगायचं की नाही ते तूच ठरव. त्याच्या नजरेला नजर द्यायची हिंमत अजून झालेली नाही.

आणि एक. हे पत्र वाचून तू काय करशील ते मला पक्कं ठाऊक आहे. चुलीत घालशील, बुधवारी मान खाली घालून म्हणशील, हो, चूक आमचीच झाली. पोरीचं नुकसान नको म्हणून. म्हणून ह्या पत्राची एक नक्कल मी आजच, तुझ्याआधी, चौकशीच्या साहेबांकडे पाठवते आहे. आता तू मला वाचवू शकत नाहीस.

तुझ्या जिवावर मोठी झालेली आणि तुझ्याच नावाला डाग लावलेली,
तुझी नणंद