युरोपियन खोकला

१ जानेवारी १९९२, बुधवार. मुक्काम अष्टमी, रोहा.
नववर्षाचा संकल्प एकच: बरोक, म्हणजे युरोपातलं जुनं शास्त्रीय संगीत. गेल्या वर्षी बासरी होती, त्याआधी जर्मन भाषा. त्यांचं काय झालं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने एकच गोष्ट धरावी आणि तळापर्यंत जावं. कपाटातून कॅसेट काढली. जर्मनीतल्या एका चर्चमधलं, तीनशे वर्षांपूर्वी रचलेलं धर्मसंगीत. स्टुडिओतलं नव्हे, भर कार्यक्रमात रेकॉर्ड केलेलं. लाइव्ह! चाळीस-पन्नास गळे, ऑर्गन, वर दगडी छत. अर्धी बाजू ऐकली. मग झोप लागली. ती संगीतामुळे नव्हे, लॅबमधल्या फर्स्ट शिफ्टमुळे.

५ जानेवारी, रविवार.
प्रामाणिक नोंद हवी. कॅसेट मूळ नाही, कॉपी आहे. कंपनीतल्या गोव्याच्या साहेबांनी मूळ कॅसेट एका रविवारपुरती दिली होती. नव्वदच्या दिवाळीतली गोष्ट. ती घेऊन पेणला सासुरवाडीला गेलो. आमचा टेप आणि त्यांचा टेप समोरासमोर ठेवले. एकाने गायचं, दुसऱ्याने टिपायचं. तेवढा वेळ घरात भांडं वाजू दिलं नाही. सासूबाईंना कुकर लावू दिला नाही. सासरे मोरोपंत, म्हणजे आमचे अण्णा, हायस्कुलातून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, शाल पांघरून कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "जावईबापू, श्वास घेतला तर चालेल ना?" संगीताचा कान नव्हता बिचाऱ्यांना. पुढे फेब्रुवारीत गेलेच.

८ जानेवारी, बुधवार.
संध्याकाळी कॅसेट मोठ्याने लावली. शेजारचे दाजी, बॉयलरवर असतात, अनवाणी धावत आले. "साहेब, कोन गेलं? वहिनी बऱ्या हायत ना?" म्हटलं, कोणी गेलेलं नाही, हे वृंदगान आहे. "वहिनी गातात? बोलल्या नाय कधी!" वृंद म्हणजे समूह, त्याचा आमच्या वृंदाशी संबंध नाही, हे सविस्तर समजावलं. दाजी म्हणाले, "व्हय, पन येवढी मानसं मिळून रडतात कशाला?" स्वयंपाकघरात वृंदा हसली. यापुढे हेडफोन. मोठ्या कलेला एकांत लागतो.

११ जानेवारी, शनिवार.
शोध! दुसऱ्या बाजूला, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, एक श्रोता खोकतो. काय खोकला आहे! गाणं संपेपर्यंत रोखून धरलेला. मग दोन आखूड, एक लांब. लगेच कोणीतरी, बहुधा गायकांना हाकणारा कॉयर मास्तर, 'शूऽऽ' करतो आणि लॅटिनमध्ये काही पुटपुटतो: "आना नाका ओ." एवढ्या मोठ्या चर्चमध्ये एक खोकला आणि एक शू. याला म्हणतात संस्कृती. आपल्याकडे तानपुरे लागायच्या आत लोक खोकायला लागतात ते भैरवीपर्यंत. वृंदाला ऐकायला बोलावलं. तिचे हात पिठात होते. प्रत्येक गोष्टीच्या वेळी तिचे हात पिठात असतात.

१५ जानेवारी, बुधवार.
एक शंका. मूळ कॅसेट साहेबांच्या घरी एकदा ऐकली होती. तेव्हा हा खोकला ऐकल्याचं आठवत नाही. बराच विचार केला. शंका टाळणं माझ्या स्वभावात नाही. निष्कर्ष: तेव्हा माझा कान तयार नव्हता. साहेबांची बदली झाली, नाहीतर विचारलं असतं. 'आना नाका ओ' लॅटिन शब्दकोशात सापडलं नाही. फार जुनं लॅटिन असावं.

२१ जानेवारी, मंगळवार.
तसा खोकला स्वतःला यायला हवा म्हणून सराव. दोन आखूड, एक लांब. लॅबमध्ये केला तर दोघांनी खिडक्या उघडल्या आणि एकाने ॲसिडच्या बाटलीचं बूच तपासलं. घरी केला तर वृंदा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली. म्हणाली, "असं खोकू नका हो." का, ते सांगितलं नाही. असूया म्हणणार नाही, पण काहीतरी होतं.

२६ जानेवारी, रविवार.
पेणला गेलो. तिथल्या वाचनालयाचे कार्यवाह माधवराव यांना भेटलो. व्याख्यान ठरलं! १६ फेब्रुवारी, रविवार. विषय: 'बरोक वृंदगान आणि श्रोत्यांची शिस्त'. माधवराव म्हणाले, "करा. माघी गणपती झाले की हॉल रिकामाच असतो." हे त्यांनी उत्साहाने म्हटलं, असं मी धरतो.
वृंदा म्हणाली, "दुसऱ्या दिवशी अण्णांचं वर्षश्राद्ध आहे. घरात माणसं असतील. आई एकटी." म्हटलं, एका खेपेत दोन कामं. परतताना एसटी वडखळच्या नाक्यावर अडकली होती तेव्हा ती हळूच म्हणाली, "अण्णांचा चेहरा फोटोत आहे. आवाज मात्र जायला लागलाय. परवा आठवून बघितला, आलाच नाही." मी म्हटलं, कानाला सवय लावावी लागते, माझ्या व्याख्यानाचा मुद्दा नेमका हाच आहे. मग ती नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मुद्दा पटला असावा.

९ फेब्रुवारी, रविवार.
व्याख्यान लिहून पूर्ण. निम्मं खोकल्यावर गेलं. प्रस्तावना बरीच लांबली, पण कापावं असं एकही वाक्य सापडलं नाही.

१६ फेब्रुवारी, दुपारी. पेण.
हॉल आत्ताच पाहून आलो. जाजमावर बायका आतापासून जागा धरून बसल्यात! कोणी मूर्तींच्या कारखान्यातून हात धुऊन थेट आलंय. पेणमध्ये बरोकची इतकी भूक असेल असं वाटलं नव्हतं. सासूबाईसुद्धा येणार म्हणतात. त्यांना पहिल्या रांगेत नको, दुसऱ्या रांगेत बसवावं. पुढे चुळबुळ दिसते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. मुक्काम अष्टमी.
काल श्राद्ध झालं. आज लिहितो. जसं झालं तसंच लिहायचं, असं ठरवून बसलो आहे.
गर्दीचं कारण हॉलच्या दारावरच्या फळ्यावर होतं. खडूने लिहिलं होतं: 'वृंदागान'. पेणची माहेरवाशीण वृंदा गाणार म्हणून गाव लोटला होता. एक म्हातारी शेवटपर्यंत विचारत होती, "पोर कधी गाणार गो?"
तरी मी बोललो. आपल्या लोकांना खोकतासुद्धा येत नाही, असं सांगितलं. मग म्हटलं, आता ऐका, सुसंस्कृत युरोपियन माणूस कसा खोकतो. कॅसेट लावली. लाउडस्पीकर गणपतीच्या मंडपातले, खणखणीत. गाणं संपलं. शांतता. दोन आखूड, एक लांब.
दुसऱ्या रांगेत सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "आणते हो पाणी," म्हणाल्या, आणि वळल्यासुद्धा. दोन पावलांवर थांबल्या. कुठे आहोत ते त्यांच्या लक्षात आलं. कोणीतरी हसायला लागलं होतं, ते गप्प झालं.
वृंदा म्हणाली, "मागे घ्या."
मी म्हटलं, यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.
"मागे घ्या म्हणते ना."
घेतलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर खुद्द माधवरावच खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, हे मोरोपंत मास्तर! व्हरांड्यात हा खोकला आला की आम्ही न सांगता पाढे म्हणायला लागायचो!" मागून दोघा-तिघांनी हो हो केलं. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज पूर्ण वाढवायला लावला. आता कॉयर मास्तरही स्पष्ट ऐकू आले. "शूऽऽ! अण्णा, नका हो!"
आवाज माझा होता. फार जुनं लॅटिन.
मी हातातली पानं जुळवत बसलो. उरलेलं व्याख्यान कोणी मागितलं नाही. टेप मागे घेत राहिलो, सांगतील तेवढ्या वेळा. सासूबाई खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसल्या होत्या.

२३ फेब्रुवारी, रविवार.
कॅसेट पेणलाच ठेवून आलो. वृंदाने तिच्यावरचं माझं लेबल काढून नवं चिकटवलं: 'अण्णा'. सासूबाई दिवेलागणीला लावतात. सगळं बरोक फॉरवर्ड करून पळवतात, नेमक्या जागी थांबवतात. इतकी अचूक जागा मला अजून एकदाही सापडलेली नाही.
मला एक गोष्ट डाचत होती, ती वृंदाला सांगितली. अण्णांचा आवाज असलेली घरात ही एकच टेप, आणि तिच्यात त्यांना गप्प करणारा मी. तेवढी शू पुसून बघू का? लॅबमधला इलेक्ट्रिशियन बघतो म्हणतोय.
वृंदा म्हणाली, "हात लावू नका. शू झाल्यावर अण्णा हसलेत. ऐकलं नाहीत?"
नव्हतं ऐकलं. रोज हेडफोन लावून, कान तयार करून, नव्हतं ऐकलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
नवीन संकल्प नाही.
सकाळपासून घसा खवखवतोय. चहा घेताना खोकला आला. साधा, आपला, रोह्याचा. रोखला नाही.
स्वयंपाकघरातून वृंदा म्हणाली, "शूऽऽ!"
आणि हसली. ते मात्र ऐकलं.