बरी असतानाही लावायचं मलम

प्रिय आई,

नमस्कार. मी ठीक आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं.

बाबा म्हणतात, डॉक्टरीणबाईंनी दिलेलं हार्मोनचं मलम कपाटात तसंच पडलंय. तू फोनवर म्हणालीस, "लावते गं." कोणाचं खरं मानू? गोळ्यांनी लघवीची जळजळ थांबली म्हणून सोडलंस का? अगं, ती पुन्हा होऊ नये म्हणूनच ते मलम आहे. पाळी गेल्यावर योनीची आतली त्वचा नाजूक होते आणि जंतूंचं फावतं.

की मावशी म्हणाली, "या वयात हार्मोन? पाळणा हलवायचाय का?" म्हणून? की मलमासोबतच्या कागदावर कॅन्सरचं वाचलंस? ते वाचून मीही गोंधळले. शेवटी आमच्या लॅबच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मलम रक्तात अगदी थोडं उतरतं, त्यामुळे तशी फारशी भीती नाही. परक्या बायकांचे नमुने तपासताना बरी शहाणी असतेस, आईचं म्हटलं की गोंधळतेस." तरी डॉक्टरीणबाईंना एकदा विचारून घे.

बाबांचा गुडघा कसा आहे?

लावतेस की नाही, तेवढं लिही. "बरी आहे" असं लिहू नकोस. त्यावरून मला काहीच कळत नाही.

तुझीच,
धाकटी