सफरचंदाचे घारगे आणि उजवा हात

अग्रहार, म्हैसूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. श्रीविद्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

यांना कमी ऐकू येतं, म्हणून घरातला फोन कायम स्पीकरवर. बोललेलं घरभर ऐकू जातं, यासाठी हे पत्र.

लेकाने, पुनीतने, सिमल्याहून सफरचंदांची पेटी आणली. दसरा आलाय, तर भोपळ्याऐवजी त्यांचेच घारगे करावेत म्हटलं. कीस गुळात शिजवला, कणीक मळली. तिसरा घारगा तेलात सोडला आणि उजव्या हातातला झारा गळून पडला. हात माझा नव्हेच. यांना हाक मारायला गेले तर शब्द फुटेना. घारगा काळा पडला, तेल धुरायला लागलं, मी नुसती उभी. पाचेक मिनिटांनी सगळं जागेवर आलं. यांनी वास कसला विचारलं, तर सुम्ने, उगीच आपलं, काही नाही, गूळ लागला म्हणून सांगितलं.

आईचं असंच सुरू झालं होतं ना? सून हरिणीला सातवा महिना आहे. तिला घोर नको. कुणाला सांगू नकोस, तुला माझी आण.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी वनजाक्का

धारवाड
१० ऑक्टोबर २०२४

ती. वनजाक्कास सा. न. वि. वि.

पत्र आज दुपारी मिळालं. पुरतं वाचून व्हायच्या आत मी हरिणीला फोन केला. आण मोडली. आईही बरं वाटतंय म्हणत बसली होती आणि आपण दोघींनी तिचं ऐकलं. संध्याकाळी तिची वाचा गेली ती गेलीच. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

हरिणी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मावशी, किती दिवस झाले?" चार, हे मला सांगवेना.

आता तुमचा फोन कुणी उचलत नाही. म्हणून लिहीत बसलेय. हवं तेवढं रागाव, पण लवकर कळव.

तुझी,
श्रीविद्या

म्हैसूर
२० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. श्रीविद्यास आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. हरिणीने रिक्षात बसवलं तेव्हा मी तिला नको ते बोलले, तुलाही. दवाखान्याच्या पायरीवर हात पुन्हा गेला, तो परतायला दोन दिवस लागले. मानेतली शीर तुंबली होती, ती मोकळी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी असता तर बोलणं कायमचं गेलं असतं.

भीती गेलेली नाही, श्री. सकाळी डोळे उघडायच्या आधी बोटं हलवून बघते. परवा पुनीतचं नाव आठवेना. त्याच्याकडे बघून हसत राहिले.

काल हरिणीने उरलेल्या सफरचंदांचे घारगे केले. मला गॅसजवळ येऊ देईना, म्हणून मी दारात खुर्चीवर बसून सांगत होते. एक घारगा फुगला आणि 'उलट' हा शब्दच मला सापडेना. ओठ नुसते हलत राहिले. हरिणीने वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता घारगा उलटला.

लोभ ठेवशीलच.
तुझी वनजाक्का