चाबी आता माझ्या कमरेला

२ जून, चामोर्शी
सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दुपारच्या बसनं गडचिरोलीहून घरी आणलं. चुलीजवळ जायचं नाई म्हणे. ह्यांनी त्यांच्या कमरेची चाबी सोडून माझ्या हातात दिली. स्वयंपाकघरातल्या सागवानी कपाटाची. लग्नाले चौदा वर्षं झाली, आज पह्यल्यांदा ते कपाट मी उघडलं. आतापर्यंत रोज सकाळी सासूबाईच मापानं काढून देत. तुरीच्या डाळीत अळ्या, शेंगदाणे खवट. नुसतं दाबून ठेवलेलं.

५ जून
बाजार केला. तूर, लाखोळीची डाळ, जवस, तीळ, चिंच, सुकट, गूळ. फळ्या पुसल्या, कडुनिंबाचा पाला टाकला. रोजचं हाताशी, बिबडे-कुरड्यांचं वाळवण वर. तारानं डब्यांवर नावं चिकटवली. बारा वर्षांची पोरगी, अक्षर माझ्यापेक्षा छान.
"आई, किती भरलं वं!"
आता पावसाळाभर कोणी कधीही येवो. कुलूप मात्र लावलंच.

९ जून
तपासणी. डॉक्टर म्हणाले, साखर थोडी वाढली, गोड कमी द्या. बरं निमित्त मिळालं.
सा.बाई म्हणाल्या, "सुनीता, गुळाचा खडा दे ना वं. तोंड कडू पडलं."
"डॉक्टरनं नाई म्हटलं."
एक खडा चालला असता. मले माहीत आहे.

१४ जून
आज लिहूनच टाकते. तारा पोटात होती, सातवा महिना. बाबा मले पाहायले आले, अंगणात बाजेवर बसले. सा.बाईनं मले त्यांच्यासमोर बोलावलं. "गूळ कमी झाला. तोंड उघड." उघडलं. गूळ होताच तोंडात. भूक लागली होती. बाबा उठले आणि न जेवता गेले. पुन्हा या घरी आले नाई. तीन वर्षांनी वारलेच.
हे तेव्हा पेपर वाचत बसले होते.

२० जून
सा.बाईचे भाऊ, आमचे मामाजी, येत्या रविवारी मूल गावाहून येणार आहेत. बहिणीले पाहायले. आज ठरवलं, त्या दिवशी मुद्दाम वाटीत गूळ काढून ओट्यावर ठेवायचा.

२२ जून, रविवार
केलं.
मामाजी अंगणात बसले होते. वाटीतला खडा गेला होता. सा.बाईले बाहेर बोलावलं.
"आई, तोंड उघडा."
माझ्याकडे पाहतच राह्यल्या. वाटलं होतं, त्या विसरल्या असतील. विसरल्या नव्हत्या. तोंड उघडलं. जिभेवर गूळ.
मामाजी म्हणाले, "सुनबाई, हे काय वं?"
"डॉक्टरचं सांगणं आहे, मामाजी."
जेवले नाई ते. चप्पल घालून निघाले.
बरं वाटलं. खोटं काऊन लिहू? भात दोनदा घेतला.

२५ जून
सा.बाई आता काहीच मागत नाई. ताटात पडेल ते खातात.
ताराले शेंगदाणे दिले. खाऊन झाल्यावर माझ्यासमोर उभी राह्यली आणि तोंड उघडून दाखवलं. मी म्हटलं नव्हतं. मी हात उचलला. मग खाली केला. तिनं डोळे घट्ट मिटले होते, तोंड तसंच उघडं.
कुलूप काढलं. तरी विचारूनच घेते पोरगी.

२८ जून
मामाजींचा फोन. उद्या येतो, बहिणीले घेऊन जातो. किती दिवसांसाठी, बोलले नाई.
हे म्हणाले, "तू एकदा थांबा म्हण. थांबतील त्या."
"चौदा वर्षांत तुम्ही कोणाले काय म्हटलं?"
ह्यांनी पेपर उचलला.
सा.बाई लुगड्याच्या घड्या करत होत्या. मी दारात उभी. मान वर न करता म्हणाल्या, "डोळ्यात थेंब दिवसातून चारदा टाकायचे ना वं? तिथं कोण टाकेल?"
चारदा मीच टाकते. सकाळीही मीच टाकले.
त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. थेंबांची बाटली अजून माझ्या हातात आहे. मामाजी दहाच्या बसनं येतील. थांबा म्हणू का नको, अजून काही ठरलं नाई.