भूकंप न लिहिलेला अर्ज

मुलींचं वसतिगृह, विष्णुपुरी (नांदेड), ३ डिसेंबर २००६

तीर्थरूप आबांना वर्षाराणीचा वाकून नमस्कार, वि. वि.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की तोंडून आपोआप 'हो' जातं, म्हणून लिहून राहिले. इंग्लंडातल्या त्या व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा अर्ज मी माझ्या मनानं पाठवला. एक वर्ष शिकायचं, पुढचं वर्ष तिथल्याच कंपनीत पगारी काम करायचं. बाहेरदेशच्या मुलांसाठीच आहे. तुम्ही मला लातूरच्या संगप्पा सरांकडं पाठवलंत, त्यांनी मजकूर तयार करून दिला होता: भूकंपात आई गेली, आठ वर्षांची मी ढिगाऱ्यात रडत होते, वगैरे. आपल्या खानावळीचं नाव काढू नको म्हणाले, हसतील. मी तो कागद फाडला. आई गेली ती काय मला सीट मिळावी म्हणून? मी खानावळीचंच लिहिलं.

रागवा, पण जेवण सोडू नका.

तुमची, वर्षा

लातूर, ११ डिसेंबर

चि. वर्षाराणीस आबाचे आशीर्वाद. पत्र पावलं.

लई शहाणी झालीस! संगप्पा सर दरसाल पोरं परदेशी धाडतात, त्यांना कळत न्हाई आन् तुला कळतं? तुझी माय गेली हे खोटं हाय का? तिच्या नावानं दार उघडत असंल तर तिला आनंदच होईल. गाव पडल्यावर लातुरात येऊन क्लासच्या पोरांना भाकरी वाढली, ती तुझ्या हातात पळी येऊ नये म्हणून. आन् तू तेच लिहून बसलीस! आपला मारोती आचारी सुदिक हसला. दुसरा अर्ज कर.

थंडी हाय, कानाला बांधत जा.

किशनराव

विष्णुपुरी, २० जानेवारी २००७

तीर्थरूप आबांना नमस्कार, वि. वि.

दुसरा अर्ज केला नाही, करणार नाही. काल फोनवर मुलाखत झाली. तिथल्या बाईंनी विचारलं, कामाचा अनुभव काय? मी सांगितलं, आमची निम्मी पोरं दुसरीकडं जेवायला गेली तेव्हा आबा खानावळ बंद करायला निघाले होते. मी खोल्याखोल्यांत जाऊन विचारलं. डॉक्टरकीच्या क्लासची पोरं उशिरा येतात, त्यांना गार भाकरी मिळते. देगलूरकडच्यांना रात्री भात लागतो. मग दोन पंगती केल्या, भात वाढवला, पोरं परतली. बाईंना लातूरचा भूकंप माहीत होता. तो का नाही लिहिलास म्हणाल्या. मी म्हटलं, मी काय केलं ते तुम्ही विचारलंत. भूकंप मी केला नाही.

बाईंनी 'बरं, कळवू' म्हणून फोन ठेवला. बहुतेक गेलं हातचं. तरी बरं वाटून राहिलंय. मारोतीकाकांना म्हणावं, हसा अजून.

हट्टी असले तरी तुमचीच, वर्षा

लातूर, १८ मार्च

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला हे तू फोनवर ओरडून सांगितलंस. आता ऐक. संगप्पानं त्याच्याकडं पडलेला तुझा फोटो काढून कचेरीवर भला मोठा बोर्ड लावला: 'भूकंपग्रस्त कन्येची परदेशी भरारी, आमच्या मार्गदर्शनाखाली.' वाचून तू फाडलेला कागद आठवला. मी आन् मारोती शिडी घेऊन गेलो, भर बाजारात उतरवला. संगप्पा ओरडला, तुमचंच नाव होतंय की! मी म्हणलं, 'खानावळवाल्या किशनरावची पोरगी' लिहिणार असशील तर लाव. लोक जमले. मी हाललो न्हाई.

घरी आलो तर पोरं ताटावर बसलेली. काय झालं म्हणून इचारलं. सांगता सांगता तुझ्या मायचं, सिंधूचं नाव तोंडात आलं. इतक्या वर्षांत कुणापुढं काढलं नव्हतं. निलंग्याच्या बाजारात मापात मारणाऱ्या दुकानदाराचा तराजूच डोक्यावर घेऊन ती कशी तरातरा निघाली होती, आन् तो कसा मागं पळत होता, ते सांगितलं. पोरं पोट धरून हसली. मी बी हसलो, वर्षा.

निघायच्या आधी चार दिस घरी ये. तुला बी तिचं लई सांगायचं हाय.

तुझा आबा